फवारणीच्या गावात बाळाचा मेंदू जपताना

जून संपता संपता विदर्भातल्या कापसाच्या गावांत फवारणीचे पंप माळ्यावरून खाली उतरतात आणि दिवाळीपर्यंत ते परत वर चढत नाहीत. याच चार-पाच महिन्यांत कुणाच्या घरी सून गरोदर असते, कुणाचं बाळ रांगायला लागलेलं असतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर बोललं गेलं. अशी विषबाधा डोळ्यांना दिसते. पण ज्या मात्रेने मोठ्या माणसाचं साधं डोकंही दुखत नाही, ती पोटातल्या किंवा रांगत्या बाळाच्या मेंदूच्या घडणीत अडथळा आणू शकते. मूल तिसरी-चौथीत जातं, बाई म्हणतात, "याचं लक्षच लागत नाही", आणि तेव्हा कारण शोधायला फार उशीर झालेला असतो.

हा लेख त्या न दिसणाऱ्या मात्रेबद्दल आहे: आधी फवारणीच्या औषधांच्या, आणि मग पारा, पाण्यातलं फ्लोराइड आणि शिसं यांच्याही. ती घरात कुठून शिरते आणि शेतकरी कुटुंबाला फारसा खर्च न करता ती कुठे अडवता येते, हे क्रमाने सांगते. क्रम मुद्दाम लावला आहे. सगळं एकदम जमणार नसेल तर वरून सुरुवात करा.

बाळालाच जास्त का बाधतं

गर्भ जेमतेम महिन्याचा असताना मेंदूचा पाया घातला जातो आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. एवढ्या काळात अब्जावधी पेशींना आपापल्या जागी जायचं असतं, एकमेकींशी जोडणी करायची असते. त्या जोडणीचे इशारे रासायनिक असतात. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं किडीच्या मज्जासंस्थेतला जो निरोप बिघडवतात, तोच निरोप माणसाच्या मेंदूतही चालतो आणि बाळाचा मेंदू घडवायलाही लागतो.

शिसं, पारा आणि बरीच कीटकनाशकं आईच्या रक्तातून वार आणि नाळ ओलांडून गर्भापर्यंत पोचतात. जपानमधल्या मिनामाता गावी १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचा उलगडा व्हायला लागला, तेव्हा असं दिसलं की काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि त्यांची बाळं मात्र मेंदूची गंभीर इजा घेऊन जन्मली होती. आई ठणठणीत आहे म्हणून बाळ सुरक्षित आहे, असं समजू नये. जन्मल्यानंतरही ऑरगॅनोफॉस्फेटचा निचरा करणारं एक विकर (एन्झाइम) बाळाच्या रक्तात मोठ्यांपेक्षा बरंच कमी असतं. शिवाय बाळ वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त पाणी पितं, जास्त श्वास घेतं, जमिनीवर वावरतं आणि हात तोंडात घालतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजुरांच्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत या औषधांचे अवशेष सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अवशेष असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या मुलांवरचा, क्लोरपायरिफॉस आणि स्मरणशक्तीचा असाच अभ्यास आला. युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरिफॉस बंद केलं. मे २०२५ मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारातल्या देशांनी काही सवलती ठेवून ते जगभर थांबवायच्या यादीत घातलं. हे आकडे सरासरीचे असतात. एखाद्या पोराकडे बोट दाखवून "हे औषधानेच झालं" असं म्हणता येत नाही आणि कुठल्या माऊलीला तसं म्हणूही नये.

पहिलं काम: गरोदर बाई आणि वावर

घरात दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवा. औषध कालवायला, पंपात भरायला, पाणी आणून द्यायला तिने धुऱ्यावरही (बांधावरही) जायचं नाही. आणि फवारलेल्या वावरात निंदायला, वेचायला लगेच उतरायचं नाही. औषधाच्या लेबलावर वावरात परत जाण्याचा अवधी दिलेला असतो, तो पाळा. दिलेला नसेल तर निदान दोन-तीन दिवस तरी जाऊ द्या. पान ओलं असताना तर मुळीच नको.

हे लिहायला सोपं आहे, मजुरीवर जाणाऱ्या बाईला पाळायला कठीण. निंदणाचा रोज बुडाला तर घरचं भागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हा भार तिच्या एकटीवर टाकू नका. ज्याचं वावर आहे त्याने सांगायचं की काल पिकाचं कुठलं तास (ओळ) फवारलं, आणि तिला न फवारलेल्या पट्ट्यात किंवा खळ्यावरच्या कामाला लावायचं. मुकादम बाईने आपल्या टोळीत कोण गरोदर आहे हे लक्षात ठेवायचं. आशाताईला गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचा महिना माहीत असतो. पहिल्या भेटीत लोहाच्या गोळ्यांसोबत तिने फवारणीचंही विचारलं तर बरंच साधेल.

तान्ह्या बाळाला धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून निजवायची पद्धत आहे. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर वाऱ्यावर आलेला तुषार त्या झोळीत उतरतो. शेजाऱ्याला आधी विचारा, आणि त्या दिवशी बाळ घरी ठेवा.

अंगावर पाजणं मात्र कुठल्याही भीतीने बंद करू नका. आईच्या दुधाने मेंदूला होणारा फायदा दुधातून येऊ शकणाऱ्या अंशापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरं काम: फवारून येणाऱ्या माणसाला दारातच थांबवा

मला विचाराल तर सगळ्या लेखातलं सर्वांत मोलाचं काम हेच. वावरातलं औषध घरात पोचतं ते बहुतेक वेळा बापाच्या अंगावरून.

संध्याकाळी फवारून आलेल्या माणसाकडे एकदा नीट पाहा. पंपाच्या झाकणातून गळालेलं पाणी पाठीवरून कंबरेपर्यंत उतरलेलं असतं. कमरेएवढ्या, छातीएवढ्या पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, चालल्यामुळे पँट मांड्यांपर्यंत ओली असते. तसाच तो ओसरीत खाटेवर टेकतो, पोरगी धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारते, तो तिला कडेवर घेतो. मग त्याच खाटेवर रात्री तिला निजवतात.

हे असं बदला. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, न्हाणीच्या बाहेर, एक खुंटी आणि एक वेगळी बादली कायमची ठरवून ठेवा. फवारणीचे कपडे तिथेच उतरायचे. चप्पल-बूटही बाहेर. आधी हात, मग डोक्यापासून साबण लावून आंघोळ. कानामागे, मानेला आणि नखांत जास्त घासून. आंघोळ झाल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही, पाण्याचा गडवा उचलायचा नाही, तंबाखू मळायची नाही. चार दिवस पोरं रडतील, मग त्यांनाही कळतं की बाबा आंघोळ करूनच घेतात.

त्या कपड्यांची बादली बाळाच्या दुपट्यांच्या बादलीपासून वेगळी. आधी साध्या पाण्याने विसळा, मग साबण पावडर घालून दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. शक्यतो ज्याने घातले त्यानेच धुवावेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हे काम देऊ नका. इलाज नसेल तर तिने रबरी हातमोजे घालावेत. ते धुण्याचं पाणी विहिरीच्या काठावर, हौदावर किंवा भांडी घासायच्या जागी ओतू नका. औषध मोठ्या प्रमाणात सांडलेला सदरा धुऊन वापरायचा नाही, तो टाकून द्यायचा.

फवारणी करतानाच अंगावर कमी उडालं तर घरात कमी येतं. वाऱ्याच्या दिशेने चाला, उलट नको. लांब बाह्या, गमबूट, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा. नाकाला बांधलेला दुपट्टा ओला झाला की औषध नाकाशी धरूनच ठेवतो, त्यापेक्षा कृषी केंद्रात मिळणारा गाळणीचा मास्क बरा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. दोन-तीन औषधं, वर टॉनिक, असं मिश्रण एकाच पंपात घालायचं नाही. लेबलवरच्या चौकटीचा रंग पाहा: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लेकराबाळांच्या घरात लाल आणि पिवळा येऊच नये यासाठी कृषी केंद्रवाल्याला स्पष्ट विचारा की याच किडीवर निळ्या-हिरव्यातलं काय आहे.

सगळ्यात चांगली फवारणी म्हणजे जी करावीच लागली नाही ती. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा. सुरुवातीच्या किडींना पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा, बऱ्याचदा पुरतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दर हंगामात सल्ला देतात. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपणही उचलायचा, ही सवय सुटली तर पैसा वाचेल आणि लेकरूही.

तिसरं काम: औषधाचे डबे

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ मुलं दगावली. त्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. आपल्याकडेही औषधाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल, तेल, कधी कधी पिण्याचं पाणी भरलेलं मी पाहिलं आहे. डबा कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं.

डबा रिकामा झाला की वावरातच तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपातच ओता, डब्याला खिळ्याने भोकं पाडा म्हणजे कुणी वापरणार नाही. जाळू नका, विहिरीत किंवा नाल्यात टाकू नका. भरलेले डबे कुलपाच्या पेटीत, शक्यतो वावरातल्या कोठ्यात ठेवा. घरातच ठेवावे लागले तर स्वयंपाकघर आणि झोपायची खोली सोडून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंच. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणं हा तर लेकराच्या जिवाशी खेळ आहे. पेरणीच्या वेळी रंगीत सरकीची पाकिटं उघडी पडलेली असतात. त्या गुलाबी दाण्यांना औषध चोळलेलं असतं, पोरांच्या हाती ते खेळायला देऊ नका.

घरात भरलेला कापूस

भाव येईल या आशेने कापूस घरात साठवणं ही विदर्भातल्या घरांची मजबुरी आहे. एक खोली छतापर्यंत भरते, उरलेला पलंगाखाली, देवघराच्या कोपऱ्यात. मऊ ढीग दिसला की पोरं त्यावर लोळणारच. पुढे अंगाला खाज सुटते, चट्टे येतात, आणि मोठी माणसं म्हणतात, कापसाची खाज आहे, जाईल. त्या कापसात धूळ आणि किडीचे अवशेष असतात, आणि उशिराच्या फवारण्यांचे अंशही असू शकतात.

दुसरी जागा नसेल तर एवढं तरी करा. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस जाऊ दिल्याशिवाय वेचणी नको. घरात आणण्याआधी कापूस उन्हात चांगला वाळवा. खोलीला दार किंवा निदान जाड ताडपत्रीचा पडदा हवा. बाळाचं अंथरूण, पाळणा, उष्टावणाची भांडी त्या खोलीत नकोत. ती खोली कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाईची खाट कापसाच्या ढिगाशेजारी टाकण्यापेक्षा ओसरीत मच्छरदाणी लावून टाकलेली चांगली. आणि जमलं तर घरच्यांनी मिळून हिशेब मांडावा: भाववाढीच्या आशेने सगळा कापूस ठेवायचा की अर्धा विकून घर मोकळं करायचं.

उवा, वाळवी, धान्य

इथे स्पष्ट सांगते. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून शेतातलं औषध, गोचिडांचं औषध केसांना लावायचं नाही, एकदाही नाही. टाळूतून ते झपाट्याने शरीरात जातं. बारीक फणी, ओले केस, रोज विंचरणं. तेवढ्याने न गेल्या तर आरोग्य केंद्रातून उवांचंच औषध घ्या.

वाळवीसाठी भिंतींत आणि पायात क्लोरपायरिफॉस ओततात. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर ते काम पुढे ढकला.

धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या टिकड्या, ज्यांना पारद टिकडी म्हणतात, वर्षानुवर्षं आपल्या कोठ्यांत आहेत. पारा साध्या उबेतही हवेत उडतो आणि त्याची वाफ थेट मेंदूवर बसते. त्या काढा, पण उघड्या हाताने चुरगाळू नका. बाटलीत बंद करून मुलांपासून दूर ठेवा, चुलीत टाकू नका. धान्यातल्या किडीसाठीच्या सल्फासच्या गोळ्या तर झोपायच्या घरात कधीच नकोत. त्यांचा वायू रात्रीतून जीव घेतो. धान्य कडक उन्हात वाळवून, वाळल्या कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरलं तर ते टिकतं. आपल्या आज्यांनी असंच टिकवलं आहे.

डासांसाठी कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी. बंद खोलीत एक कॉइल जळून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरतात, असं मोजमाप झालेलं आहे. इथे एक इशाराही हवा. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात आरोग्य खातं भिंतींवर फवारणी करतं, तिला नकार देऊ नका. मेंदूत चढलेला मलेरिया मुलाचं करतो तेवढं नुकसान ती फवारणी करत नाही. फवारणीच्या वेळी बाळाला, भांड्यांना आणि अन्नाला बाहेर काढा, भिंती वाळल्यावर आत या.

पाणी: चव गोड म्हणजे चांगलं असं नाही

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आपल्या मानकांनुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर गेलं की मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळट पट्टे दिसतात, पुढे हाडं वाकतात. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की १.५ पेक्षा जास्त फ्लोराइडच्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो. युरियाचा मारा असलेल्या वावराजवळच्या उथळ विहिरीत नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवून पाजलं तर लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते, ओठ निळे पडतात.

करायचं काय? ग्रामपंचायतीत जाऊन पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा रासायनिक तपासणीचा अहवाल मागा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किट वापरायला शिकवलेलं आहे, त्यांना फ्लोराइड आणि नायट्रेट पाहायला सांगा. आकडा जास्त आला तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरा. गावाला मिळालेलं हिरवं कार्ड बघून निर्धास्त होऊ नका, ते मुख्यतः स्रोताच्या स्वच्छतेचं असतं.

पाणी उकळून फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. फ्लोराइडच्या गावात पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं पाणी उघड्या विहिरीचं, तेही तपासून, किंवा छतावरून धरलेलं पावसाचं वापरा. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच काढलेली आहे. पण घरी अंदाजाने तुरटी टाकून ते जमत नाही, मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागते. गावात आरओचं एटीएम (गाळून शुद्ध केलेलं पाणी देणारं यंत्र) असेल तर निदान गरोदर बाई आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तेच पाणी ठेवा.

शिसं: सर्वांत जुनं, सर्वांत लपलेलं

अमेरिकेत १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या एकाग्रतेत मागे होती, बाहेरून कुठलाही आजार दिसत नसताना. रक्तात शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते काळजी करण्याइतकं आहे. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहावा हिस्सा शरीरात मुरतो, लहान मुलात जवळपास निम्मा. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

आपल्या घरात ते कुठून येतं?

पंपाची, ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. ती अंगणात फोडणं, तिच्यातलं शिसं चुलीवर वितळवून जाळ्याला वजनं करणं ताबडतोब थांबवा. ती धूळ त्या अंगणात वर्षानुवर्षं राहते आणि रांगतं बाळ ती बोटांनी तोंडात नेतं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, नवीवर पैसेही कमी होतात.

शेंदूर. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे. मारुतीवरची श्रद्धा आपल्या जागी आहे. बाळाच्या कपाळाला मात्र शेंदराऐवजी घरचं शुद्ध कुंकू लावा, आणि देवळातून आल्यावर हात धुवा. बाळाच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा किंवा काजळ घालू नका.

तान्हा पोळा आपल्या विदर्भाचा खास सण. लाकडी नंदी पिढ्यान् पिढ्या चालत येतो, दरवर्षी त्यावर रंगाचा नवा थर. खालचे जुने पोपडे लाल, पिवळे, केशरी असतील तर त्यांत शिसं असण्याची शक्यता मोठी, आणि दोन वर्षांचं पोर शिंगं चोखतंच. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुना नंदी मुलांपासून दूर, ओल्या पॉलिश कागदाने घासा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि डब्यावर शिसंमुक्त लिहिलेलाच रंग लावा. दारांच्या जुन्या ऑइलपेंटलाही हेच लागू.

हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट फासण्याचे प्रकार घडतात. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून खरबरीत, मळकट दिसणारी हळकुंडं घ्या आणि दळून आणा. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद तर हाताशी आहे.

गरोदरपणी माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खायची इच्छा होते. तिला रागावू नका, हे बहुधा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या सुरू करा. आणि बाळाला गुटीतून अनोळखी भस्मं देऊ नका. काही भस्मांत शिसं किंवा पारा असतो.

ताटातलं संरक्षण

लोह आणि कॅल्शियमने भरलेलं शरीर शिसं कमी शोषतं. त्यासाठी महाग काही लागत नाही. शेवग्याचा पाला, तरोटा, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, चण्याचं पीठ, दूध-दही. सोबत लिंबू, आवळा किंवा संत्रं असलं की लोह नीट अंगी लागतं. मुलाला उपाशीपोटी शाळेत धाडू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. मीठ आयोडिनचंच. भाजीवर फवारणी झाली असेल तर लेबलवरचे दिवस मोजूनच तोडा आणि वाहत्या पाण्यात चोळून धुवा. कापसाच्या कडेला घरच्यापुरती मेथी, वांगी लावलेली असतात, त्यांच्यावर कापसाचंच औषध उडतं. घरची भाजी सांदवाडीत लावा.

चुलीबद्दल थोडक्यात. पऱ्हाटीचा धूर बाळासाठी वाईट आहेच, पण पन्नी (प्लास्टिकची पिशवी) किंवा ट्यूबचा तुकडा टाकून चूल पेटवणं त्याहून वाईट. गॅसचं सिलिंडर परवडत नसेल तर निदान पाजणारी आई आणि बाळ चुलीपासून दूर राहतील असं बघा.

विषबाधा झालीच तर

तोंडातून लाळ, खूप घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या, पोटात कळ, अंग फडफडणं, श्वास लागणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. मुलाचे कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, स्वतः हातमोजे घालून. कुशीवर झोपवा. उलटी करवू नका, दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. त्यावरून डॉक्टरांना अॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की आणखी काही हे ठरवायला मदत होते. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर सल्ला देतं.

मूल मागे पडतंय असं वाटलं तर

साधारण चार महिन्यांत मान धरणं, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षात चालणं, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलणं. यात मूल मागे असेल तर "बापही उशिरा बोलला होता" म्हणून वाट पाहू नका. सगळं खापर औषधावरही फोडू नका: रक्त कमी असणं, जन्मतः कमी वजन, कमी ऐकू येणं, थायरॉइड, बाळंतपणात अडकणं, ही कारणंही असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. तारीख सेविकेला विचारून ठेवा आणि तेव्हा मूल हजर ठेवा. ते पथक गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं, तिथे तपासण्या आणि उपचार मोफत असतात. घराजवळ बॅटरी फोडायचं काम झालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. नागपूरसारख्या शहरांत ती होते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर आधी घरातला स्रोत शोधून काढायचा, उपचार त्याच्या जोडीने. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: गरोदरपणी आईने कुठल्या महिन्यात वावरात काम केलं, घरात कुठली औषधं येतात, पाणी कुठल्या बोअरचं आहे.